विश्लेषण : कॅथलिक चर्चला कुटुंब नियोजन मान्य आहे का?

नागपूर : ‘देव देईल ती मुले प्रेमाने स्वीकाराल का?’ या अर्थाचा प्रश्न कॅथलिक लग्नविधीत वधू-वरांना विचारला जातो. ‘हो’ म्हटल्यावर पुढे काय चालते, काय नाही? नागपूर महाधर्मप्रांतातील जोडप्यांनाही लागू असलेली ही शिकवण समजून घेऊया.

नियम कधीचा?
पोप पॉल सहावे यांनी २५ जुलै १९६८ रोजीच्या ‘ह्युमाने विते’ या परिपत्रकात गोळ्या, निरोध, नसबंदी अशा साधनांवरील मनाई कायम ठेवली. त्याआधी नेमलेल्या आयोगातील बहुमत नियम शिथिल करण्याच्या बाजूने होते. मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हेही आयोगाचे सदस्य होते.

कारण काय?
शरीरसंबंधातील प्रेम आणि नव्या जिवाची शक्यता माणसाने वेगळी करू नये, असे चर्च मानते.

मग मुले किती?
आकडा ठरलेला नाही. आईची तब्येत, घरची परिस्थिती पाहून अंतर ठेवता येते. पण गर्भधारणेची शक्यता असलेले दिवस टाळून. चांगले कॅथलिक होण्यासाठी सशांसारखी मुले व्हायला हवीत असे नाही, असे पोप फ्रान्सिस २०१५ मध्ये म्हणाले होते. आजारावर आवश्यक उपचार घेताना गर्भधारणा थांबली, तर तेही निषिद्ध नाही.

अडचण कुठे?
पाळी अनियमित असेल तर दिवस ओळखणे कठीण जाते. त्यात १९५२ पासून सुरू असलेल्या सरकारी कार्यक्रमात हीच साधने दिली जातात. जबाबदार पालकत्व दोघांनाही हवे आहे. मतभेद आहे तो मार्गाचा.