कर्करोगाचा शल्यविशारद कसा घडतो?



‘कर्करोगाची शस्त्रक्रिया वडगाव निंबाळकरलाच का होऊ नये? शस्त्रक्रियागृहासाठी आम्ही देणगी देतो,’ असे अनेक हितचिंतक आम्हांस आपुलकीने सुचवितात. बारामती-इंदापूर परिसरातील रुग्णास पुण्यास किंवा मुंबईत परळला नेताना कुटुंबाची होणारी ओढाताण आम्ही जवळून पाहतो. म्हणून या सूचनेस सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

शस्त्रक्रियागृह निधीतून उभे राहते. शल्यविशारद मात्र ज्येष्ठांच्या हाताखालीच घडतो. कर्करोगात केवळ गाठ काढून भागत नाही. भोवतीचा निरोगी भागही योग्य प्रमाणात काढावा लागतो, लसिकाग्रंथींचा विचार करावा लागतो आणि शस्त्रक्रिया आधी की केमोथेरपी, हे तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवावयाचे असते. पहिली शस्त्रक्रिया अपुरी झाल्यास रोग उलटण्याचा धोका वाढतो. यास्तव एम.एस. झालेल्या डॉक्टरांनाही एम.सीएच. पदवीसाठी आणखी ३ वर्षे शिकावे लागते. प्रथम पाहणे, मग साहाय्य करणे, पुढे गुरूंच्या देखरेखीखाली स्वतः शस्त्रक्रिया करणे, असा हा क्रम आहे.

ही उणीव जगभर आहे. ‘द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये नमूद केले की, कर्करोगाच्या ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांना कधी ना कधी शस्त्रक्रियेची गरज भासते; परंतु सुरक्षित, परवडणारी व वेळेवर शस्त्रक्रिया जगात २५ टक्क्यांहूनही कमी रुग्णांना मिळते. त्यामुळे अनुभवी केंद्रांनी साधने कमी असलेल्या देशांतील व गावांतील डॉक्टरांना दीर्घकाळ मार्गदर्शन करावे, हा विचार आज मान्य झाला आहे.

असे सहकार्य ग्रामीण भागात किती फलद्रूप होते, याचे उदाहरण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील ल्यॉन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या साहाय्याने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. स्थानिक कर्मचाऱ्यांनाच तपासणीचे प्रशिक्षण देण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एच.पी.व्ही. तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, संख्येने किंचित लहान गटात ते ६४ होते.

२०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे आता दूरच्या केंद्रांतील डॉक्टरही दूरदृश्य बैठकीत आपल्या रुग्णाविषयी ज्येष्ठ तज्ज्ञांशी विचारविनिमय करू शकतात. तथापि, हात तयार होण्यासाठी प्रत्यक्ष सहवासास पर्याय नाही.

आमची नम्र विनंती अशी की, आपल्या देणगीचा काही भाग तरुण डॉक्टर व परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. प्रशिक्षणकाळातील वेतन, निवास व प्रवास हा खर्च कोनशिलेवर दिसत नाही. परंतु यंत्राचे मूल्य घसाऱ्याने दरवर्षी घटते, तर शिकलेल्या हाताचे मूल्य वाढत जाते. तोवर लवकर निदान, योग्य केंद्राकडे पाठवणी व उपचारानंतरची देखभाल हेच आपल्या रुग्णालयाचे काम राहील. रुग्णांच्या आप्तांनीही संशयित गाठ घाईने कापून न घेता, प्रथम तज्ज्ञांचा सल्ला घेऊन तिची योग्य तपासणी करून घ्यावी, ही कळकळीची विनंती.