गोठ्यांतील धर्म आणि बाजारांतील कायदा : घोडेगांवच्या निमित्तानें

घोडेगांव हें नांव आमच्या वाचकांस दोन कारणांनीं परिचयाचें असेल. नगराहून शनिशिंगणापुरास जाणारा यात्रेकरू या गांवावरून जातो, हें एक. आणि येथें दर शुक्रवारीं जनावरांचा मोठा बाजार भरतो, हें दुसरें. नेवासें तालुक्यांतील हें गांव ज्या जिल्ह्यांत मोडतें, त्याचें अहमदनगर हें नांव २०२४ सालीं बदलून अहिल्यानगर झालें; परंतु बाजाराची रीत बदललेली नाहीं. दांत पाहून वय ठरविणें, रुमालाखालीं बोटें धरून भाव करणें, कास चाचपून पाहणें, हें सर्व पूर्वींप्रमाणेंच चालतें.

जुन्या कागदपत्रांच्या शोधकांनीं अशा बाजाराकडे कां पाहावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, जनावर कसें पाळावें, किती राबवावें, कसें न्यावें, याविषयीं आपल्या देशांत लिहून ठेवलेल्या नियमांची परंपरा फार जुनी असून तिचे दुवे अद्यापि एकत्र लाविले गेलेले नाहींत. सध्यांचा कायदा विलायतेहून आला अशी समजूत सर्वत्र आढळते. आणि उलट, आपल्या पूर्वजांनीं सर्व कांहीं आधींच सांगून ठेविलें आहे असेंहि म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोन्हीं मतें आम्हांस अर्धवट वाटतात. म्हणून ग्रंथांत काय आहे, कायद्यांत काय आहे, व दोहोंत अंतर कोठें आहे, हें येथें क्रमानें मांडतों.

प्रथम धर्मशास्त्र. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत ‘स्वामिपालविवाद’ नांवाचें एक व्यवहारपद आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांतहि तें येतें. स्वामी म्हणजे गुरांचा धनी आणि पाल म्हणजे गुराखी. दिवसां जनावराचें कांहीं बरेंवाईट झालें तर दोष गुराख्याचा, रात्रीं तें धन्याच्या घरीं असतां झालें तर धन्याचा, अशी वांटणी मनूनें केली आहे. जनावर हरवलें, किड्यांनीं खाल्लें, कुत्र्यांनीं मारलें, किंवा खाचेंत पडून मेलें, आणि गुराख्यानें प्रयत्न केला नव्हता असें ठरलें, तर भरपाई त्यानें द्यावयाची. चोरांनीं ओरड करून गुरें नेलीं व गुराख्यानें वेळेवर वर्दी दिली, तर मात्र तो सुटला. येथें जनावराची काळजी घेतली जाते खरी, पण ती धन्याचें द्रव्य म्हणून.

त्याच प्रकरणांत गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें रुंदीची जागा चराईसाठीं मोकळी सोडावी व नगराभोंवतीं त्याच्या तिप्पट, असें सांगितलें आहे. चार हातांचें एक धनुष्य, या हिशेबानें गांवाभोंवतीं चारशें हात जागा झाली. आपल्याकडील गायरानाचा हाच पूर्वज म्हणतां येईल. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें व पुढें १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें गांवच्या गुरांच्या फुकट चराईसाठीं जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली, तिचा हेतु याहून निराळा नाहीं.

पराशरस्मृतीचा सूर वेगळा आहे. तिच्या दुसऱ्या अध्यायांत शेती करणाऱ्या ब्राह्मणाचे नियम आहेत. भुकेला, तहानलेला, थकलेला, अंगानें व्यंग किंवा आजारी बैल जुंपूं नये, असें ती सांगते. नांगरास आठ बैल जोडणें हें धर्माचें, सहा हें पोटापाण्याचें, चार हें निष्ठुराचें, आणि दोन हें गोहत्या करणाऱ्याचें काम, अशी तिची श्रेणी आहे. ज्यानें काळ्या रानांत सहा-आठ बैलांचा जड नांगर चालतांना पाहिला आहे, त्यास ही श्रेणी नुसती अलंकारिक वाटणार नाहीं. जमीन जड आणि बैल थोडे, तर ओझें कोणाच्या खांद्यावर पडतें हें त्यास ठाऊक असतें. मात्र हा नियम मोडल्यास राजदंड नाहीं, पाप आहे. कायदा आणि पाप यांतील हा भेद लक्षांत ठेवला पाहिजे.

तिसरा ग्रंथ कौटिल्याचें अर्थशास्त्र. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं तें छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील एकोणतिसावा अध्याय अभ्यासकांसमोर आला. हा अध्याय ‘गोऽध्यक्ष’ या अधिकाऱ्याचा आहे. शंभर-शंभर गुरांचा कळप करून त्यावर गोपालक, पिंडारक, दोहक, मंथक व लुब्धक हीं माणसें नेमावयाचीं. वासरें, म्हातारीं व आजारी जनावरें यांवर उपचार गोपालकांनीं करावयाचे. साप व हिंस्र पशू यांस भिवविण्यासाठीं आणि जनावर कोठें आहे हें कळण्यासाठीं गळ्यांत घंटा बांधावयाची. पाण्यावर नेतांना उतार सपाट व रुंद, चिखल नसलेला आणि मगरींपासून मोकळा पाहावयाचा. वर्षा, शरद् व हेमंत या ऋतूंत दोन वेळां दूध काढावें. शिशिर, वसंत व ग्रीष्म यांत एकदांच. या तीन ऋतूंत जो दुसऱ्यांदा पिळील त्याचा अंगठा तोडावा. उन्हाळ्यांत चारा आटतो आणि दुसरी धार म्हणजे वासराचा घांस, हें या नियमाचें कारण असावें असें आम्हांस वाटतें.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे खुराकाचें कोष्टक. गाडीच्या व वेगाच्या बैलास गवत किती भार, पेंड एक तुला, कोंडा दहा आढक, मीठ पांच पल, नाकास घालण्याचें तेल एक कुडुब, अशीं मापें तेथें दिलीं आहेत. ‘पुरेसें खावयास घालावें’ असा उपदेश सर्वच ग्रंथ करतात. पण किती म्हणजे पुरेसें, हें मापानें सांगितल्याशिवाय अधिकाऱ्यास तपासणी करितां येत नाहीं. अर्थात् हीं मापें सरकारी जनावरांचीं होत. राजाच्या खजिन्याचें हित हाच त्यांचा पाया होय.

मराठेशाहींत थट्टी हा बारा महालांपैकीं एक महाल होता. गाईम्हशींची व्यवस्था त्याकडे असे. पागेचा महाल वेगळा. चिपळुणाजवळ हलवर्ण येथें छावणी करून असलेल्या लष्करास शिवछत्रपतींकडून गेलेलें पत्र आमच्या वाचकांस पाठच असेल. रयतेस उपद्रव देऊं नये, हा त्यांतील भाग सर्वत्र सांगितला जातो. परंतु पावसाळ्यासाठीं केलेला दाणावैरणीचा सांठा आतांच बेपर्वाईनें उधळला तर पुढें घोडे उपाशीं मरतील आणि ते तुम्हींच मारल्यासारखें होईल, ही ताकीद त्या मानानें दुर्लक्षित राहिली आहे. उपाशीं ठेवणें म्हणजेच मारणें, हा विचार येथें एका राज्यकर्त्याच्या आज्ञेंत स्पष्ट दिसतो. लोकाचारांत पोळ्याच्या आदल्या दिवशींची खांदेमळणी आणि पोळ्याच्या दिवशीं जूं मानेवर न ठेवणें, ह्या गोष्टी आहेतच. आणि काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवास पाजणाऱ्या एकनाथांची कथा गोदावरीच्या दोन्ही तीरांवर सांगितली जाते.

आतां इंग्रजी अमदानी. विलायतेंत रिचर्ड मार्टिन याच्या खटपटीनें १८२२ सालीं गुराढोरांवरील क्रौर्याविरुद्ध पहिला कायदा झाला. मुंबईंत प्राणिक्रौर्यनिवारणाची संस्था १८७४ सालीं निघाली. पण त्याआधींच, १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयींच्या कायद्यानें, कोंडवाड्यांत आलेल्या जनावरास चारापाणी देणें हें कोंडवाडा राखणाऱ्याचें कर्तव्य ठरविलें होतें, व त्या खुराकीचा दरहि ठरवून दिला जात असे. जनावर परक्याचें, पीक खाऊन आलेलें, जणूं अपराधी; तरी त्यास उपाशीं ठेवतां येत नसे. खेड्यांतील सामान्य जनावरास लागू झालेला हा आमच्या पाहण्यांतील पहिला लेखी मापाचा नियम.

१८९० च्या अकराव्या कायद्यानें प्राण्यांस क्रूरपणें वागविणें हा गुन्हा झाला. पण त्याचें मुख्य कलम मूळ स्वरूपांत रस्त्यावर, लोकांच्या येण्याजाण्याच्या जागीं किंवा रस्त्यावरील माणसाच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणीं घडलेल्या क्रौर्यापुरतें होतें. बाजार त्यांत आला, गोठा आला नाहीं. यास एक अपवाद : अधिक दुधासाठीं गाईस फुंका घालण्याचा प्रकार.

स्वतंत्र भारतांत, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं राज्यसभेंत हा विषय लावून धरल्यावर, १९६० चा कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमानें जनावर ज्याच्या ताब्यांत आहे त्यावर त्याच्या सुस्थितीची जबाबदारी टाकली. अकराव्या कलमानें पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें, आखूड किंवा जड सांखळीनें फार वेळ बांधून ठेवणें, जखमी वा अशक्त जनावर कामास लावणें, हे गुन्हे ठरविले. कायदा आतां गोठ्यांत शिरला. १९६५ च्या नियमांनीं ओढकामाच्या जनावराचें माप घातलें : दिवसांत एकूण नऊ तासांहून अधिक काम नाहीं, विश्रांतीवांचून सलग पांच तासांहून अधिक नाहीं, आणि जेथें उष्णता ३७ अंशांवर जाते तेथें दुपारीं बारा ते तीन काम नाहीं. टोंकदार काठीचीहि मनाई झाली. म्हणजे पराणीची आर कायद्याबाहेर गेली. गळिताचा हंगाम लांबून चैत्रांत गेला म्हणजे नेवासें तालुक्यांतील उसाच्या बैलगाड्यांस हा दुपारचा नियम किती लागू पडतो, हें सांगावयास नको. १९७८ च्या नियमांनीं मालमोटारींत सहांहून अधिक गुरें नेऊं नयेत, पायाखालीं न घसरणारें आच्छादन असावें, सोबत एक माणूस असावा आणि पशुवैद्याचा दाखला असावा, असें ठरविलें.

पाश्चात्य देशांत १९६५ सालीं ब्रँबेल समितीच्या अहवालानें पाळीव पशूस उठतांबसतां, वळतां, अंग चाटतां व पाय ताणतां आले पाहिजेत, असें किमान मान सांगितलें. त्यांतून पुढें भूक-तहान, अस्वस्थता, व्याधि व वेदना, भीति, आणि स्वाभाविक वर्तनाची अडवणूक यांपासून मुक्ति, हीं पांच स्वातंत्र्यें निघालीं. ७ मे २०१४ रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें नागराज प्रकरणांत तीं १९६० च्या कायद्याशीं जोडून वाचलीं. बैलांच्या शर्यतींचा जो निर्णय त्यांत होता, त्याचें फळ पुढें राज्यांच्या दुरुस्त्यांमुळें बदललें व मे २०२३ मध्यें घटनापीठानें त्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. तथापि जनावराची वेदना ही स्वतःच विचारार्ह आहे, हें तत्त्व न्यायालयाच्या लेखांत नमूद झालें. मनूचें द्रव्य, कौटिल्याचा खजिना व पराशराचें पाप यांहून हा पाया निराळा आहे. आणि नवें काय, असा प्रश्न असेल तर नवें एवढेंच आहे. मापें आपल्याकडे होतीं. तीं कोणासाठीं, हें बदललें.

परंतु दंडाकडे पाहिलें म्हणजे मान खालीं जाते. १८९० सालीं अशा क्रौर्यास शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद ठेविली होती. १९६० च्या कायद्यानें अकराव्या कलमाखालील पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड ठेविला, आणि साठ वर्षांनंतरहि तो आंकडा तोच राहिला. सत्तर वर्षांनीं केलेला कायदा आपल्या आजोबांहून स्वस्त निघाला! ज्या बाजारांत एका म्हशीचा सौदा हजारों रुपयांचा होतो, तेथें पन्नास रुपये ही शिक्षा नसून बाजारखर्चाची एक बाब होते. आम्ही अंगठा तोडण्याचा पुरस्कार करीत नाहीं. पण कौटिल्यास नियम व दंड यांचें वजन एका तराजूंत घालावें लागतें हें समजत होतें, एवढें म्हणणें भाग आहे.

बाजारासाठीं वेगळे नियम २३ मे २०१७ रोजीं केंद्रानें काढले. त्यांत सांवली, पाणी, चढउताराची सोय, कासेचीं तोंडें चिकटवून वासरास दूध तोडण्याची मनाई, अशा उपयुक्त गोष्टी होत्या. परंतु कत्तलीसाठीं बाजारांत विक्री नको या कलमावरून वाद पेटला आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें सर्वोच्च न्यायालयानें ते सर्व देशांत स्थगित ठेविले. मोठ्या वादांत लहान सोयी बुडाल्या. सांवलीस कोणाचाच विरोध नव्हता; तरी तीहि त्या कागदाबरोबर गेली. पाण्याचा हौद व छप्पर उभारण्यास बाजार समितीस दिल्लीच्या नियमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं, असें आमचें नम्र मत आहे.

शेवटीं संग्राहक मंडळींस एक विनंति. पोथ्या व सनदा आपण जपतों. पण कोंडवाड्याचीं नोंदपुस्तकें, बाजाराच्या पावत्या, चराईचे ठराव, थट्टीचे मोडी हिशेब हे रद्दी समजून विकले जातात. जनावरास एके काळीं किती वैरण मिळे, किती दिवस तें कोंडलें जाई, गायरान किती होतें व कधीं घटलें, हें सांगणारा दुसरा साक्षीदार नाहीं. जनावर स्वतः अर्ज करीत नाहीं. त्याच्या बाजूनें बोलणारा कागद तेवढा आपल्या हातीं आहे. कोणाच्या संग्रहांत असें दप्तर असेल तर त्याची यादी तरी करून ठेवावी, आणि गांवांतील जुन्या चावडीच्या कपाटांत असेल तर तें वाळवीच्या आधीं पाहावें.