अर्ध्या मिनिटाचा कॅमेरा

‘मॅनोस : द हँड्स ऑफ फेट’ हा १९६६ सालचा अमेरिकी भयपट जगातल्या सर्वांत वाईट चित्रपटांमध्ये गणला जातो. टेक्सासमधल्या एल पासो शहरात खतविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या हॅरोल्ड वॉरन यांनी पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट यांच्याशी पैज लावून तो काढला. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती आणि नायकाची भूमिका सगळं त्यांच्याकडेच होतं. खर्च सुमारे १९,००० डॉलर. कथा साधी आहे : सुट्टीवर निघालेलं कुटुंब वाट चुकून एका ओसाड घरापाशी पोहोचतं आणि तिथल्या पंथाच्या तावडीत सापडतं.

बहुतेक दोषांचं मूळ कॅमेऱ्यात आहे. चावीवर चालणारा हा १६ मिलिमीटरचा कॅमेरा एकदा चावी दिली की फार तर ३२ सेकंद चालायचा. भयपटात ताण वाढतो तो लांबलेल्या शॉटमधून. दार हळूहळू उघडतं आणि प्रेक्षक श्वास रोखून बसतो. इथे अर्ध्या मिनिटात शॉट तुटतो. त्यात संकलन ढिसाळ. दोन वाक्यांमध्ये पात्रं नुसतीच एकमेकांकडे बघत राहतात, एका ठिकाणी तर क्लॅपबोर्डही पडद्यावर राहून गेला आहे.

चित्रीकरणाच्या वेळी आवाज मुद्रित झालाच नाही. नंतर मोजक्या माणसांनी सगळ्या पात्रांचं डबिंग केलं. लहान मुलीला प्रौढ बाईचा आवाज मिळाला आणि तिच्या भीतीतला खरेपणा गेला. कॅमेरा हलला तरी प्रेक्षक चालवून घेतो, पण ओठ आणि आवाज जुळले नाहीत की पात्रावरचा विश्वासच उडतो.

प्रकाशयोजनेची गत सर्वांत वाईट. रात्रीच्या प्रसंगांत दिव्यांभोवती जमलेले पतंग कॅमेऱ्यासमोर भिरभिरताना दिसतात. उजेडही जवळपुरताच. गोळीचा आवाज ऐकून दोन पोलीस गाडीतून उतरतात, चार पावलं टाकतात आणि परत फिरतात, कारण त्यापुढे काही दिसतच नाही. पंथप्रमुखाच्या बायकांची वाळूतली झोंबाझोंबी बराच वेळ चालते. कोण कुणावर मात करतंय, हे मात्र उमगत नाही. मारामारीची आखणी करून तालीम घ्यावी लागते आणि कोण कुठे उभं आहे, हे प्रत्येक शॉटमध्ये दाखवावं लागतं.

यावर पैशांचा तुटवडा हे उत्तर पुरेसं नाही. दोनच वर्षांनी जॉर्ज रोमेरो यांनी पिट्सबर्ग परिसरात ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. त्याचा खर्च वॉरन यांच्या सहापट, सुमारे १,१४,००० डॉलर होता, तरी हॉलिवूडच्या हिशेबात तो किरकोळच. रोमेरो यांनी कथाच हातातल्या साधनांनुसार बेतून घेतली. बराचसा चित्रपट एका शेतघरात घडतो, बाहेरचा हाहाकार रेडिओ आणि टीव्हीवरच्या बातम्यांतून कळतो. कृष्णधवल फिल्ममुळे रक्ताऐवजी चॉकलेट सिरप चालून गेलं. वॉरन यांनी मात्र अर्ध्या मिनिटाच्या कॅमेऱ्यासाठी लांब संवाद लिहिले आणि उजेड नसताना कथा रात्रीच्या माळरानावर नेली.

१९९३मध्ये ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या टीव्ही कार्यक्रमाने ‘मॅनोस’ची यथेच्छ खिल्ली उडवली आणि विस्मृतीत गेलेला चित्रपट घरोघरी पोहोचला. २०११मध्ये त्याची १६ मिलिमीटरची प्रत सापडली आणि पुढे तिचं जतनही झालं. कमी पैशांत भयपट काढू पाहणाऱ्याने पटकथेचा अंतिम खर्डा लिहिण्याआधी हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत.