मूड नको, रोजची कीर्द लिहा!



गेल्या वर्षी आपलं चॅनेल सलग अडीच महिने बंद होतं, आठवतंय? "सर, नवीन व्हिडिओ कधी?" असं विचारलं की मी सांगायचो, "दुकानात सीझन आहे." ते खोटं होतं. सीझन वगैरे काही नव्हता. मला सुचतच नव्हतं.

मोबाईल स्टँडला लावायचो, लाईट चालू करायचो, "नमस्कार मंडळी" म्हणायचो आणि गाडी तिथेच अडकायची. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला दोन ओळी सुचेनात. पाडव्याला आदल्या वर्षीचाच मेसेज साल बदलून पाठवला. एका जुन्या गिऱ्हाइकाने काउंटरवरच विचारलं, "तीच ऑफर का हो पुन्हा?" हसून वेळ मारून नेली, पण ते लागलं.

उपाय सापडला तो आमच्याच गल्ल्यात. बाबा रोज रात्री शटर ओढायच्या आधी कीर्द लिहितात. धंदा झालेला असो वा नसो. विक्री शून्य असली, तर तारीख टाकून शून्य लिहितात. "आज मूड नाही, कीर्द उद्या बघू" असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. मनात आलं, पैशाची कीर्द रोज लिहितो, मग डोक्याची का नाही?

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही काढली. नियम एकच: दुकान उघडायच्या आधी पंधरा मिनिटं पेन थांबवायचं नाही.

सुरुवातीचे दिवस म्हणजे नुसता कचरा, हेही प्रामाणिकपणे सांगतो. "काही सुचत नाही" हे वाक्य एका पानावर नऊ वेळा आहे. "वरच्या फळीवरचे कुकर पुसायचेत" हेही आहे. पण बाराव्या-तेराव्या दिवशी वहीत एक वाक्य उतरलं: "लोकांना उधारी वसूल करायला शिकवतो आणि माझीच उधारी चार महिने थकलीय."

ते वाचून मी थांबलो. विषय संपलेच नव्हते. मला लाज वाटत होती. कॅमेऱ्यासमोर शहाणपण सांगायचं आणि मागे खातेवही वेगळंच बोलतेय, म्हणून तोंड उघडत नव्हतं. त्या आठवड्यात आधी उधारीवाल्यांना फोन केले. निम्मी रक्कम आली, बाकीच्यांनी तारीख दिली. मग कॅमेरा लावला आणि माझीच चूक सांगितली. अडीच महिन्यांनंतरचा तो पहिला व्हिडिओ. एकाच टेकमध्ये झाला.

तुमचंही असंच असेल असं नाही. पण "सुचत नाही" याच्या खाली बरेचदा दुसरं काहीतरी दडलेलं असतं: भीती, थकवा, अडकलेला निर्णय. ते विचार करून सापडत नाही, लिहिता लिहिता सापडतं.

ही काही माझी नवी युक्ती नाही. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार पोस्ट खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा. या शिस्तीवर त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. ही पद्धत त्याने आत्मचरित्रात उघड सांगितली आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये छापलं गेलं. अमेरिकन लेखिका जुलिया कॅमेरॉन यांनी १९९२ च्या 'द आर्टिस्ट्स वे' या पुस्तकात सकाळी हाताने तीन पानं लिहायला सांगितलंय. चांगलं लिहायचा आग्रह नाही आणि कुणाला दाखवायचंही नाही.

हे चालतं कसं? दुकानाच्या भाषेत सांगतो. टेम्पोतून माल उतरवताना आपण प्रत्येक डब्यावर किंमत लावत बसतो का? आधी सगळा माल उतरवतो, मग निवडतो, मग किंमत लावतो. लिहिताना मात्र आपण पहिल्याच वाक्याला भाव लावतो, "हे बरोबर नाही" म्हणतो आणि टेम्पो भरलेलाच उभा राहतो.

आता तुमची पाळी. चार गोष्टी करा:

१. वेळ ठरवा. दुकान उघडायच्या आधी किंवा शटर ओढल्यावर, पण रोज तीच.

२. वही-पेन घ्या. मोबाईलवर लिहायला गेलात की नोटिफिकेशन जिंकणार.

३. सुचलं नाही तर काल दुकानात काय घडलं ते लिहा. कोणत्या गिऱ्हाइकाने काय विचारलं? कोण न घेता गेलं, आणि का? तुमच्या पुढच्या पोस्टचा विषय तिथेच असतो.

४. रविवारी आठवड्याची पानं वाचा आणि कामाच्या एका ओळीखाली रेघ मारा. एकही सापडली नाही तरी चालेल.

एखादा दिवस चुकला तर? चुकला. दुसऱ्या दिवशी तारीख टाकून पुढे लिहा. चुकलेली पानं भरून काढायला बसू नका, त्या नादात वही कायमची बंद होते.

माझी आता तिसरी वही चालू आहे. व्हिडिओ सगळेच भारी होतात असं नाही, पण आठवड्याला एक होतोच. आणि यंदाचा पाडव्याचा मेसेज नवा होता. त्या गिऱ्हाइकाने तो वाचला आणि कुकर घेऊन गेलं.

तर उद्या सकाळी वही उघडा, वर तारीख टाका. सुचलं नाही तर शून्य लिहा. पण लिहा!