कणा सरळ झाला, वेदना मात्र उरली

रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरतात. दोन धातुदंड आणि मळसूत्रे जागच्या जागी आहेत, मणके नीट सांधले गेले आहेत. "चित्र उत्तम आहे," असे ते समाधानाने सांगतात. समोर बसलेली स्त्री मात्र गप्प असते. रात्री कूस बदलताना होणारी कळ आणि दुपारनंतर कंबरेत भरणारा जडपणा त्या चित्रात कोठेच उमटलेला नसतो. घरी परतल्यावर कुटुंबीय आनंदाने म्हणतात, "सगळे ठीक आहे ना, मग आता दुखते कशाला?" या प्रश्नाचे उत्तर रुग्णाला आणि कुटुंबालाही ठाऊक असणे आवश्यक आहे.

पाठीचा कणा समोरून पाहता सरळ असावा लागतो. तो बाजूला वळून स्वतःभोवती पिळला गेला, तर त्या विकाराला पार्श्ववक्रता अथवा स्कोलिऑसिस म्हणतात. हे वळण १० अंशांहून अधिक असल्यास ती वक्रता मानली जाते. बहुतेक वेळा ती वाढीच्या वयात प्रकट होते, तिचे निश्चित कारण सापडत नाही आणि मोठी वक्रता मुलींमध्ये अधिक आढळते. वळण सुमारे ४५ ते ५० अंशांपलीकडे गेले, तर ते पुढेही वाढत राहण्याची शक्यता असल्याने शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.

मणके जोडण्याची ही शस्त्रक्रिया शंभराहून अधिक वर्षांची आहे. न्यूयॉर्कचे डॉ. रसेल हिब्ज यांनी १९११ साली क्षयाने पोखरलेल्या कण्यासाठी ती केली. पुढे तीच पद्धत वक्रतेसाठीही वापरली जाऊ लागली. अमेरिकेतील ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलादी दंड बसवून कणा ताणून सरळ करण्याची रीत विकसित केली आणि १९६२ साली ती वैद्यकीय जगापुढे मांडली. पुढील दोन दशके जगभर हाच दंड वापरला गेला. आजच्या पद्धतीत प्रत्येक मणक्यात मळसूत्र बसवून कण्याची तिन्ही अंगांनी दुरुस्ती करता येते. ब्रिटनच्या राजकन्या युजिनी यांच्यावर २००२ साली, वयाच्या बाराव्या वर्षी अशी शस्त्रक्रिया झाली. २०१८ साली त्यांनी विवाहप्रसंगी पाठीवरील व्रण दिसेल असा पोशाख मुद्दाम निवडला. व्रण लपविण्याची गरज नाही, हा त्यातील संदेश होता. वेदनेबाबतही तेच म्हणता येईल.

या शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू वक्रतेची वाढ थांबविणे हा असतो. बहुसंख्य रुग्णांना त्यानंतर चांगले आयुष्य लाभते. काहींची वेदना मात्र रेंगाळते आणि तिची कारणे निरनिराळी असतात. जोडलेला भाग हलत नाही, म्हणून वाकण्या-वळण्याचा सारा भार त्याखालच्या मोकळ्या मणक्यांवर आणि माकडहाडालगतच्या सांध्यांवर पडतो. जोड कंबरेत जितका खाली पोहोचतो, तितके खाली हलणारे मणके कमी उरतात. हॅरिंग्टन दंडाने कणा ताणताना कंबरेचा नैसर्गिक आतला बाक काही रुग्णांत सपाट झाला. अशी व्यक्ती पुढे झुकते, ताठ उभे राहण्यासाठी गुडघे वाकवते आणि तिचे स्नायू लवकर थकतात. शाळकरी वयात अशी शस्त्रक्रिया झालेल्या अनेक स्त्रिया आज पन्नाशी-साठीत आहेत आणि त्यांच्या दुखण्याला घरचे 'वय झाले' असे म्हणून मोकळे होतात. काही वेळा दोन मणक्यांमधील जोड अपुराच राहतो, मळसूत्र सैल होते किंवा वर्षांनंतर जंतुसंसर्ग डोके वर काढतो. आणि कधी हाडे पूर्ण बरी होऊनही मज्जासंस्था इतकी संवेदनशील झालेली असते की साध्या हालचालीलाही ती धोक्याचा इशारा समजते. ही वेदना कल्पित नसते. चित्रात दिसत नाही म्हणून ती नाही, असे ठरविणे शास्त्राला धरून नाही.

म्हणून पहिले पाऊल तपासणीचे. नव्याने वाढणारे दुखणे, ताप, पायात बधिरपणा अथवा अशक्तता, लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता कण्याच्या शल्यचिकित्सकाला दाखवावे. जुने कागद आणि शस्त्रक्रियेचा अहवाल जपून ठेवावा. कोणते मणके जोडले आहेत, हे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला कळणे महत्त्वाचे असते. जोडलेल्या कण्यावर जोर देऊन हाडे बसविणाऱ्यांकडे जाणे टाळावे. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडांना अपाय होतो.

गंभीर कारण नसल्याचे ठरल्यावर उपचाराचा खरा पाया व्यायाम आणि दिनचर्या हाच असतो. या बाबतीत परळचा वारसा मोठा आहे. १९२६ साली सुरू झालेल्या केईएम रुग्णालयात जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली व्यवसायोपचाराचे देशातील पहिले विद्यालय उभे केले. रोग बरा करण्याइतकेच रुग्णाला रोजच्या कामात पुन्हा उभे करणे मोलाचे आहे, हा या शास्त्राचा गाभा होय. १९५५ साली हाजी अलीजवळ सुरू झालेली भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही याच कार्यासाठी आहे.

हा विचार घरात उतरविणे अवघड नाही. दादरच्या मंडईतून एक जड पिशवी आणण्याऐवजी दोन हलक्या पिशव्या दोन्ही हातांत घ्याव्यात. गिरगावातील जुन्या चाळीचा जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबण्यात कमीपणा मानू नये. रोजच्या वापरातील डबे कंबरेच्या उंचीवर ठेवावेत. खालची वस्तू कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकून उचलावी. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे जमिनीवर बसवत नसतील, तर खुर्चीवर बसावे. भाव तोच राहतो. डॉक्टरांच्या संमतीने रोज थोडे चालणे आणि शक्य असल्यास पोहणे हितकर ठरते. बऱ्या दिवशी सारी कामे उरकून घ्यायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, ही चूक बहुतेकांकडून होते. अंगातली शक्ती शिलकेसारखी मोजून खर्च करावी आणि रोज थोडी राखून ठेवावी.

कुटुंबाचे कर्तव्य याहून सोपे आणि तरीही कठीण आहे. ते म्हणजे विश्वास ठेवणे. "अजून दुखते का?" या प्रश्नात कंटाळा डोकावला की रुग्ण बोलणे थांबवतो आणि गप्प राहिलेल्या दुखण्यातील गंभीर बदल कोणाच्याच ध्यानी येत नाही. त्याऐवजी "आज कोणते काम मी करू?" असे विचारावे. वेदना एका दिवसात जाणार नाही. पण ती एकट्याने सोसण्याची पाळी घरातील कोणावरही येऊ नये, एवढे तर प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.