हिवाळ्यांत कोंबड्यांच्या घरास सूर्याचा उजेड व ऊब

राळेगांव तालुक्यांत मार्गशीर्ष लागला म्हणजे शेतकऱ्याचें सारें लक्ष कापसाच्या वेचणीकडे व तुरीकडे लागलेलें असतें. आणि नेमक्या याच दिवसांत घरच्या कोंबड्या अंडीं देण्याचें कमी करितात व नवीं आणलेलीं पिलें रात्रींतून मरतात. दोहोंचेंही खापर थंडीवर फोडण्याची रीत आहे. वास्तविक अंडीं कमी होण्यास थंडीपेक्षां लहान दिवसच अधिक कारण होतो. पिलें मात्र थंडीनेंच मरतात. सूर्यशक्तीनें हीं दुखणीं दूर करूं पाहणारानें प्रथम हा भेद ध्यानांत घेतला पाहिजे.

आम्हांस तो पदरचें नुकसान सोसून कळला. एका पौषांत शंभर पिलांसाठीं आम्हीं छपरावर १०० वॅटचें एक सौर पॅनेल बसविलें, खालीं एक बॅटरी ठेविली, व तिच्यावर ऊब देणारे दिवे लाविले. पहिला प्रहर उत्तम गेला. मध्यरात्रीच्या सुमारास बॅटरी संपली, दिवे विझले, आणि ऊब शोधीत पिलें एका कोपऱ्यांत एकमेकांवर चढलीं. सकाळीं ढिगाच्या तळचीं ३१ पिलें गुदमरून मेलेलीं आढळलीं. दोष बॅटरीचा नव्हता, आमच्या हिशेबाचा होता.

तो हिशेब असा. पिलास पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढें दर आठवड्यास ती ३ अंशांनीं उतरवितां येते. पिलामागें २ वॅट धरले तर शंभरांस २०० वॅट, व १४ तासांच्या रात्रीस २८०० वॅट-तास, म्हणजे मीटरवरचे २.८ युनिट. १०० वॅटचें पॅनेल हिवाळ्यांतील निरभ्र दिवशीं, घट वजा जातां, सुमारें ४०० वॅट-तास देतें. म्हणजे अशीं सात पॅनेलें पाहिजेत. आणि १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करूं नये हें पाळावयाचें, तर तसल्या पांच बॅटऱ्या. शंभर पिलांवर एवढें भांडवल घालणारा शेतकरी आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं.

उजेडाचा हिशेब अगदीं उलट आहे. अंड्यांवरील कोंबडीस दिवसाकाठीं १४ ते १६ तास उजेड हवा. त्या उजेडानेंच तिच्या मेंदूंतील ग्रंथी जागी होऊन अंडाशयास चालना मिळते. डिसेंबरांत आपल्याकडे दिवस सुमारें ११ तासांचा असतो. उरलेले ५ तास भरून काढण्यास शंभर कोंबड्यांच्या २०० चौरस फूट घरांत ९ वॅटचे दोन एलईडी दिवे पुरेत. खर्च ९० वॅट-तास! ५० वॅटचें पॅनेल व ४० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर एखादा ढगाळ दिवसही निभावतो.

यांत कांहीं पथ्यें आहेत. वाढीव उजेड शक्यतों पहाटे द्यावा. रात्रीं दिवा एकदम मालवला तर कोंबड्यांस बसावयाची जागा सांपडत नाहीं व त्या जमिनीवरच घोटाळतात. आठवड्यास अर्धा तास याप्रमाणें उजेड वाढवावा. एकदां दिलेला उजेड मध्येंच तोडूं नये, नाहींतर कोंबड्या पिसें टाकूं लागतात. आणि १८ आठवड्यांखालील तलंगांस हा लोभ दाखवूं नये. त्या अकालीं अंड्यावर येतात, अंडीं बारीक पडतात, व अंग बाहेर येण्याचा धोका असतो.

आतां उष्णतेकडे वळूं. सूर्याची उष्णता विजेंत, वीज बॅटरींत, आणि बॅटरींतून पुन्हा उष्णतेंत, हा द्राविडी प्राणायाम कशाला? घराची लांबी पूर्वपश्चिम ठेवावी व दक्षिणेची बाजू जाळीची करावी. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीं येथें सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारें ४६ अंशांवर असतो. वळचण ३ फूट पुढें असली तर कडेखालीं साधारण ३ फूटच सावली पडते, व त्याखालून ऊन थेट गादीवर येतें. मे महिन्यांत सूर्य डोक्यावर असल्यानें तीच वळचण दुपारचें ऊन बाहेर ठेविते. आपल्या विदर्भांत हें फार महत्त्वाचें, कारण हिवाळ्यासाठीं बांधलेलें घर उन्हाळ्यांत भट्टी होतां कामा नये.

पिलांसाठीं आम्ही आतां सौर बंबाचें पाणी वापरतों. १०० लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत निवतांना २५०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारें २.९ युनिट उष्णता सोडतें. सात पॅनेलें व पांच बॅटऱ्या जें देणार, तेवढेंच हें. कढत पाणी झांकणबंद डब्यांत भरून, डबे गोणपाटांत गुंडाळून पिलांच्या पेटींत ठेवावे, वर गोणपाटाचेंच बुटकें झांकण घालावें, व रात्रींतून दोन-तीनदां पाणी बदलावें. झोपमोड होते खरी. थर्मामीटर पिलांच्या उंचीवर टांगावा. परंतु खरी परीक्षा पिलेंच सांगतात. तीं गोळा झालीं तर ऊब कमी, दूर पळून चोंची वासूं लागलीं तर अधिक, सारखीं पसरलीं तर बेताची. आभाळ असेल त्या दिवशीं कोळशाची शेगडी तयार असावी. ती बाहेर पेटवून धूर गेल्यावरच आंत आणावी आणि वरची फट उघडी ठेवावी, कारण निखाऱ्यांचा विषारी वायू डोळ्यांस दिसत नाहीं. पऱ्हाट्या आंत कधींच जाळूं नयेत.

मोठ्या कोंबडीस शेक नको. तिच्या अंगची उष्णताच सुमारें ४१ अंश असते. येथील १० अंशांच्या रात्रीं तिला फक्त वाऱ्याचा झोत लागूं नये. ज्या कॅनडासारख्या देशांत पिण्याचें पाणी गोठतें, तेथील उपाय आपण उचलण्याचें कारण नाहीं. उत्तरेकडील पडदे रात्रीं सोडावे, पण वर फूटभर मोकळें ठेवावें. सारें बंद केल्यास विष्ठेचा अमोनिया कोंडून डोळे जातात. गादी मात्र तीन-चार इंच जाड व कोरडी असावी.

सन २०१९ च्या कुसुम योजनेपासून पुष्कळांच्या शेतांत सौर पंप आले आहेत, व त्याच पॅनेलांवर दिवे कां लावूं नयेत असें आम्हांस विचारलें जातें. त्यांचा दाब साध्या १२ व्होल्टच्या दिव्यांस भलताच भारी असतो आणि बॅटरीवांचून रात्रीं तीं काहींच देत नाहींत. तेथें हात घालूं नये. कोंबड्यांचें पॅनेल वेगळेंच असावें. तें दक्षिणेस सुमारें २० अंश कलतें, झाडाच्या सावलीबाहेर बसवावें, व वेचणीच्या दिवसांत त्यावर बसणारी धूळ आठवड्यांतून एकदां ओल्या फडक्यानें पुसावी. माघ सरला कीं पडदे उतरवून, उन्हांत वाळवून, पुढील मार्गशीर्षापर्यंत उंदरांपासून दूर टांगून ठेवावे.