धान्याची प्रत आधी घरी, मग बाजारात



ऊस गाळपाला गेला की उताऱ्याची चौकशी आपण सारेच करतो. मोळीबरोबर पाचट नि माती गेली तर वजन वाढते, साखर वाढत नाही, हे आम्ही बांधावर येऊन नेहमी सांगतो. पण कळंब भागातल्या अनेक सभासदांकडे उसासोबत सोयाबीन, तूर, गहूही पिकतो. तो माल विकताना मात्र 'व्यापारी म्हणेल ती प्रत' असे आपण का धरून चालतो?

प्रत ही नजरेने नव्हे, मापाने ठरते. शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा १९३७ सालचा. अॅगमार्कचा शिक्का त्यातूनच आला. हमीभावाच्या खरेदीला 'एफएक्यू', म्हणजे सर्वसाधारण चांगली प्रत लागते. सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्के आणि काडीकचरा २ टक्क्यांपर्यंत चालतो. गव्हात कचरा फक्त पाऊण टक्का, म्हणजे क्विंटलला ७५० ग्रॅम.

खरी ओढाताण होते ती ओलाव्यावर. २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारने सोयाबीनची ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली होती, पण ती त्या हंगामापुरती. म्हणून हिशेब आपल्याला यायलाच हवा.

१५ टक्के ओलाव्याचे १० क्विंटल सोयाबीन घ्या. त्यात पाणी १५० किलो, कोरडा माल ८५० किलो. तेच १२ टक्क्यांवर वाळले तर वजन भरते ९६६ किलो. घट ३४ किलो. म्हणजे दर जादा टक्क्यामागे क्विंटलला सव्वा किलोसुद्धा घट होत नाही. कोणी याहून जास्त कपात सांगितली, तर ती कशाची, हे विचारायचा आपला हक्क आहे. वाळवणीची मजुरी धरायची तर धरा, पण बोलणे आकड्यावर होऊ द्या.

आता घरची परीक्षा. चार-पाच पोत्यांतून वर, मध्ये, तळाशी असा मूठ-मूठ माल काढा. एकत्र कालवून त्याचे चार वाटे करा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकीचे पोत्यात टाका. उरलेल्यातून १०० ग्रॅम तोलून ताटात पसरा. काडी-माती, डागी दाणे, फुटके दाणे आणि चांगले दाणे यांचे वेगळे ढीग करा. जितके ग्रॅम, तितके टक्के! कचरा जास्त निघाला तर चाळणी मारा. फूट जास्त दिसली तर पुढल्या वेळी मळणी यंत्राचा वेग कमी ठेवायला सांगा. ओल्या मालाची थप्पी लावू नका, तो तापतो नि बुरशी धरतो. ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा.

ओलावा मात्र यंत्रावरच पाहावा. बाजारात मोजणी होताना जवळ उभे राहा, आकडा स्वतः वाचा आणि लिहून घ्या.

उसाच्या काट्यावर आपण जेवढे जागे असतो, तेवढेच धान्याच्या ढिगाजवळ असावे, हीच सर्व सभासदांना विनंती.